व्हीलचेअर तलवारबाजी: नोकरी धरून खेळायचं की सोडून?

फुलटॉस:
पॅरिस २०२४ पॅरालिम्पिकला आपले ८४ पॅरा खेळाडू १२ खेळांत उतरले, २९ पदकं आली. व्हीलचेअर तलवारबाजीत मात्र आपलं कुणीच नाही. १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासूनचा खेळ आहे हा! दिवसभर ऑफिसात राबून संध्याकाळी तलवार धरणाऱ्याकडून पदकाची अपेक्षा कशी करायची? निवडक दोघातिघांना चार वर्षं पगार द्या, कामावर बोलावूच नका.

गगनबावडा:
आणि पाचव्या वर्षी? आमच्या राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता, पॅरिस ऑलिम्पिकहून ब्राँझ घेऊनच आला. व्हीलचेअरवरच्या माणसाला एक नोकरी मिळवायला किती उंबरठे झिजवावे लागतात, माहितीय का? हातची सोडायला सांगू नका.

फुलटॉस:
कुसाळे नेमबाज. त्याला समोर लक्ष्य असलं की झालं. इथे समोर माणूस लागतो.

दांडपट्टा:
तो माणूस म्हणजे मी. मला चालता येतं, पण सरावाला खुर्चीतच बसते. दोन्ही खुर्च्या चौकटीला ११० अंशात आवळायच्या, ज्याचा हात आखूड त्याने अंतर ठरवायचं. पाय काढायला जागाच नाही. धड मागे घ्या नाहीतर टोक छातीत. बूड सीटवरून उचललं की फाऊल. हे पहाटे एकट्याने उठून होत नाही हो. आमचा खेळाडू बँकेत आहे. सहाला सुटतो, हॉल साडेसहा ते आठ, त्यात चौकट बसवून गुण नोंदवायच्या वायरी जोडेपर्यंत सात. फुकटचा पगार नकोय त्याला, आठवड्यातून तीनदा चारला सुटका हवीय. साहेब म्हणतात, स्पर्धेला रजा देतो की, सरावाला कशाला?

गगनबावडा:
साहेबांचं हे बोलणं अजब आहे, मान्य. पण चारनंतर त्याचं काउंटर कोण बघणार? शेजारची बाईच ना? तिलाही घरी पोरं असतील. वरून बदली माणूस मिळाला तरच हे न्यायाचं.

दांडपट्टा:
सकाळी आठला येऊन मागचं सगळं काम उरकायची त्याची तयारी आहे. शाखेचं शटर साडेनऊच्या आत उघडत नाहीत म्हणे.

फुलटॉस:
म्हणजे सगळं साहेबाच्या मर्जीवर. उद्या त्याची बदली झाली की नव्याला पहिल्यापासून समजवा! म्हणूनच म्हणतो, पगार द्या आणि मोकळं करा.

गगनबावडा:
मोकळं म्हणजे करारावर ना? मग नाहीच.