मदत हवी आहे: लिमा ते उयुनी बसने, एकटीने. उंचीचं गणित कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

नोकरी बदलतेय, मधे जून-जुलैत पाच आठवडे मोकळे मिळतायत आणि पेरू-बोलिव्हिया बसने करायचं पक्कं केलंय. लिमाला उतरायचं, मग आरेकिपा, कुस्को, पुनो, टिटिकाका सरोवराच्या काठाने कोपाकबाना, ला पाझ आणि शेवटी उयुनीचं मिठाचं मैदान. विमानाने का नाही जात असं घरीदारी सगळे विचारतायत. एक तर पैसे, आणि दुसरं म्हणजे बाबा एसटीत कंडक्टर होते, सुट्टीत त्यांच्याबरोबर रातराणीने किती गावं बघितली, पहाटे स्टँडवर उतरून चहा प्यायला की ते गाव आपलं वाटायला लागतं. मला प्रवास म्हणजे तोच.

आता खरी अडचण. चोरीमारीची भीती आहेच, पण त्याहून जास्त उंचीची आहे. २०१९ मध्ये लेहला विमानाने थेट उतरले, साधारण ३५०० मीटर, पहिला दिवस मजेत गेला आणि दुसऱ्या रात्री डोकं फुटतंय की काय असं झालं, उलट्या, ओठ निळसर, शेवटी हॉस्पिटलात नेऊन ऑक्सिजन लावला. त्यात मला सल्फा औषधांची ॲलर्जी, त्यामुळे डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) द्यायला माझे डॉक्टर तयार नाहीत. म्हणजे हळूहळू चढणं हाच काय तो उपाय.

लिमाहून कुस्कोला थेट बस आहे, वीस तासांच्या वर लागतात, पण म्हणजे समुद्रकाठी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी ३४०० मीटरवर उतरायचं, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून वर! ते नको. म्हणून असं ठरवलंय की लिमाहून इका (चारपाच तास, किनाऱ्याकिनाऱ्याने), तिथून रात्रीच्या बसने आरेकिपा, ते २३०० मीटरवर आहे, तिथे चार रात्री राहायचं आणि मगच कुस्को. कुस्कोला उतरल्या उतरल्या तसंच व्हॅनने खाली ओयांतायताम्बोला जावं का, ते २८०० च्या आसपास आहे, दोन रात्री तिथे काढून मग वर शहरात यावं? की उगाच धावपळ होईल? पुढे पुनो ३८०० आणि तिथून उयुनीपर्यंत ३६०० च्या खाली कुठे उतरायलाच मिळत नाही, त्यामुळे आधीचे आठ-दहा दिवस नीट जायला हवेत. रात्रीच्या बसमध्ये झोपेत त्रास सुरू झाला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हाही प्रश्न आहे, माझं स्पॅनिश अजून "पाणी हवं, बाथरूम कुठाय" एवढंच आहे. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळे पितात, त्याने खरंच बरं वाटतं का?

कागदपत्रांचं थोडं झालंय. अमेरिकेचा व्हिसा आहे आणि अजून दोन वर्षं बाकी आहेत, त्यामुळे पेरूचा वेगळा लागत नाही. यलो फिव्हरची लस मुंबईला जाऊन घेतली, पिवळं कार्ड पासपोर्टला रबरबँडने बांधून ठेवलंय, कारण तिकडून परतताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावरून क्वारंटाइनमध्ये टाकतात. जाणाऱ्यांनी निदान दहा दिवस आधी घ्याच. बोलिव्हियाचा व्हिसा अलीकडे कुणी कुस्को किंवा पुनोच्या कॉन्सुलेटमधून काढलाय का? की इथूनच काढून जाऊ?

आणि जून अखेरीला कुस्कोत इंती रायमी हा इंका लोकांचा सूर्योत्सव असतो, २४ तारखेला, तो बघायचाय पण गर्दीत राहायला जागा मिळेल का?

भर: दोघांनी व्यनि (खासगी निरोप) करून छान माहिती दिली, सगळ्यांच्या उपयोगाची म्हणून इथे टाकते. लिमात बऱ्याच कंपन्यांचे टर्मिनल वेगवेगळे आहेत, तेव्हा तिकिटावरचा पत्ता बघूनच टॅक्सी करा. मोठी बॅग खाली डिकीत देताना त्यावर बिल्ला लावतात आणि अर्धा आपल्याला देतात, तो उतरेपर्यंत जपायचा. पैसे-पासपोर्टची छोटी बॅग वरच्या रॅकवर किंवा पायाशी न ठेवता मांडीवरच, पट्टा हातात गुंडाळून. १६० अंश मागे जाणारी सीट घेतली तर झोप लागते. शाकाहारींनी "सिन कार्ने" (मांसाशिवाय) एवढंच म्हणू नये, चिकन त्यांच्या हिशोबात मांसात धरत नाहीत, "सिन पोयो" (चिकनशिवाय) पण म्हणावं लागतं. आणि कोपाकबानाहून ला पाझला जाताना तिकिनाला, म्हणजे टिटिकाका सरोवर अरुंद होतं तिथे, सगळ्यांना उतरवून छोट्या होडीने पलीकडे नेतात आणि बस वेगळ्या तराफ्यावरून येते, हे वाचल्यापासून मला धीर धरवत नाहीये.

पण ओयांतायताम्बोचं अजून कुणी सांगितलं नाही. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, तिकिटं याच आठवड्यात काढायचीत.