मदत हवी आहे : काड्यांवर जमतं, नाण्यांवर अडतं

खानापूर तालुक्यातली (जि. बेळगाव, कर्नाटक) मराठी शाळा, चौथीची दोन मुलं, दोघांनाही डिस्कॅल्क्युलिया (संख्या आणि गणित शिकण्यातली अडचण). विषय हातच्याची वजाबाकी.

52 − 27 साठी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडतो. एका गठ्ठ्याचं रबर काढायचं, सुट्या बारा होतात, त्यातल्या सात उचलायच्या, मग दोन गठ्ठे बाजूला. 25 बरोबर येतात.

तेच दहाच्या आणि एकच्या नाण्यांनी केलं की सातातून दोन काढून 35 सांगतात. गठ्ठा सुटला की दहा काड्या समोर दिसतात. नाणं सुटत नाही, बदलून घ्यावं लागतं. कागदावरचं गणित तर त्याच्याही पुढचं.

मधली पायरी म्हणून अंड्यांच्या ट्रेचा दोन बाय पाच खणांचा तुकडा कापायचा विचार आहे. दहाही खणांत एकची नाणी भरली, तरच शेजारचं दहाचं नाणं उचलून पेढीत (नाणी बदलून घ्यायच्या साठ्यात) टाकायचं. कुणी वापरलंय का? किती दिवसांनी ट्रे काढून घ्यावा? (चिंचोके सुचवू नका, घरंगळतात. मणीमाळेतला दशकही सुटा होत नाही.)

दुसरं, 25 चे 52 लिहिणं. 'बावन्न'मध्ये एकक आधी ऐकू येतो, कन्नड तासाला 'ऐवत्तेरडु'त दशक. 50 च्या कार्डातल्या शून्यावर 2 चं कार्ड चढवताना तोंडाने 'पन्नास आणि दोन' म्हणवून घ्यावं, की थेट 'बावन्न'?