देवळामागची भिंत: संरक्षण की अडवणूक?

कापूसकोंडा (१७ ऑगस्ट, रात्री ९.४०)

परवा १५ ऑगस्टला आमच्या गावात ग्रामसभा झाली. झेंडावंदन, पोरांना बुंदी, मग सभा. विषय क्रमांक चार: ‘मारुती मंदिर आवारास संरक्षक भिंत बांधणे’. तीन बाजूंनी सहा फूट उंच भिंत आणि समोरून एकच दार. हात वर झाले, ठराव मंजूर. खरं सांगायचं तर माझाही हात अर्धा वर गेला होता. देवळाला भिंत, त्यात वाईट काय?

घरी येताना लक्षात आलं, देवळामागच्या कडुनिंबाखालून एक पायवाट जाते. बौद्धपुऱ्यातली माणसं त्याच वाटेने शाळेत, रेशनच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर जातात. काल मी दोन्हीकडून चालून मोजलं. वाटेने १४० पावलं. भिंत झाली की नाल्यावरून, मोठ्या रस्त्याने फिरून ६१० पावलं. नाल्याला पूर असला तर तेही नाही.

मी तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. शीतयुद्ध आलं की बर्लिनची भिंत येतेच. १३ ऑगस्ट १९६१, रविवारची पहाट. लोक झोपेत असताना पूर्व जर्मनीच्या सरकारने काटेरी तार ओढली, काँक्रीट मागाहून आलं. पश्चिम बर्लिनला वेढा घालणारी सुमारे १५५ किलोमीटरची ती भिंत २८ वर्षं उभी होती, आणि तिच्यापायी किमान १४० माणसं मेली. हे मी दरवर्षी घडाघडा सांगतो. यंदा मात्र एक शब्द अडकला. ते सरकार तिला भिंत म्हणतच नव्हतं. सरकारी नाव होतं ‘फॅसिस्टविरोधी संरक्षक तटबंदी’. संरक्षक! आमच्या ठरावातही तोच शब्द.

आणखी एक. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची फाटकं उघडली आणि जग नाचलं. त्याच वर्षीच्या भांडणानंतर तमिळनाडूत, मदुराई जिल्ह्यातल्या उथापुरम गावात दलित वस्तीला तोडणारी भिंत घातली गेली. तिचा एक तुकडा पाडायला ६ मे २००८ उजाडला.

तर विचारतो, भिंत घालायचा गावाचा अधिकार मोठा की चालणाऱ्याची मोकळीक? मोकळेपणी बोला, शिव्या तेवढ्या नकोत.

गावकी (१७ ऑगस्ट, रात्री १०.१५)

सर, लिहिता छान. पण कुठे बर्लिन अन् कुठे आपला मारुती! ती भिंत आपलीच माणसं पळून जाऊ नयेत म्हणून होती, वर बंदूकवाले बसवलेले. आपली भिंत जनावरं आत येऊ नयेत म्हणून आहे.

मी देवस्थान समितीत आहे म्हणून सांगतो. सकाळी देवळामागे चक्कर मारा. देशीच्या बाटल्या, खर्ऱ्याच्या पन्न्या, पत्ते. तीन वर्षांपूर्वी लावलेली बारा झाडं बकऱ्यांनी खाल्ली. हनुमान जयंतीच्या पंगतीत डुकरं शिरली, तेव्हा कोणाला पायवाट आठवली नाही. आपण तुकडोजी महाराजांच्या मुलखातली माणसं, सामुदायिक प्रार्थनेला सगळे एका सतरंजीवर बसतो. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी १९२८ सालीच सगळ्यांना उघडं केलं. इथे जातीपातीचा विषय काढायची गरज नव्हती.

अन् राग मानू नका, तुमच्या घराला लोखंडी गेट आहे, कंपाउंडवर काचा रोवलेल्या आहेत. तुमची ती सुरक्षा अन् देवाची ती अडवणूक?

कापूसकोंडा (१७ ऑगस्ट, रात्री १०.५०)

काचा आहेत. पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा लावल्या. हा वार बरोबर बसला.

जुन्या घरात आमच्या आणि काकाच्या मधे कुड होता. तुराट्यांचा, वरून शेणामातीचं लिंपण. पलीकडे फोडणी पडली की अलीकडे ठसका लागायचा. चुलीजवळच्या कोपऱ्यात लिंपण गळून वाटीभर भोक पडलेलं. तिथून आई आणि काकू विरजण द्यायच्या-घ्यायच्या. कोणी बुजवलं नाही ते. मग वाटणी झाली, पक्की भिंत आली. दोन्ही घरं सुखी झाली हे खोटं नाही, रोजची कुरबुर थांबली. विरजणही थांबलं. आता आई दह्याचा डबा दुकानातून मागवते.

तरी फरक राहतोच, भाऊ. माझी भिंत माझ्या जागेत आहे. तिच्याखाली कोणाची वाट गाडलेली नाही.

निळं आभाळ (१८ ऑगस्ट, सकाळी ७.०५)

सर, वाचून बरं वाटलं अन् थोडा रागही आला. तुम्ही पावलं आता मोजली. माझी आजी ती सत्तर वर्षांपासून चालते.

मी दुसऱ्या तालुक्यातला आहे, पण गावं सारखीच. आमच्याकडे दोन मसणवट्या आहेत. एकीला टिनाचं शेड अन् बोअरिंग, दुसरीला बोरीबाभळी. मधे भिंत नाही, एक वीटसुद्धा नाही. तरी इतक्या वर्षांत एकही प्रेत चुकून तिकडच्या मसणात गेलं नाही. त्यामुळे मी तर म्हणतो विटांची भिंत परवडली. ती दिसते, मोजता येते, फोटो काढून अर्जाला जोडता येतो. बिनविटांच्या भिंतीचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

गावकीदादा, लक्ष्मीनारायण मंदिर उघडलं ते चांगलंच झालं. पण अमरावतीच्या अंबादेवीसाठी १९२७ साली सत्याग्रहाची तयारी करावी लागली होती, तेही सांगत जा. अन् प्रार्थनेची सतरंजी प्रार्थना संपली की घडी होते.

देवळाचं म्हणाल तर आमच्या आज्याने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली. तेव्हापासून मारुतीशी आमचं भांडण नाही अन् देणंघेणंही नाही. ‘या ना दर्शनाला, दार उघडंच आहे’ असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. आम्हाला देऊळ नको. देवळामागची वाट पाहिजे.

जागल्या (१८ ऑगस्ट, दुपारी १.३०)

बाप्पा, सगळे मास्तर लोकच भेटले इथं! भिंत नको म्हनता, या एक रात माह्या वावरात. हरबरा घाट्यावर आला का रानडुकरायचा कळप उतरते. इसेक डुकरं एका राती अर्धा एकर नांगरून टाकते. रोही (नीलगाय) त काही इचारूच नका, कुदून येते. चार हिवाळे मचानीवर काढले म्या, हातात टीनाचा डबा अन् काठी. आता कुंपनाच्या तारेले झटका मशीन लावली, त घरी बायकोपोरायत झोपतो. मले त बाप्पा कुंपनानंच मोकळं केलं. (झटका येगळा अन् लायनीचा करंट तारेत सोडनं येगळं. थो गुन्हा हाय, त्यानं मानसं बी मरते अन् वाघ बी.)

पन सरकारची भिंत बी पाह्यली म्या. कापसाची एकाधिकार खरेदी, १९७२ पासून. कापूस सरकारलेच द्याचा, राज्याच्या भाईर न्याचा नाई. आमचं गाव पैनगंगेच्या काठाले. पल्याड तवाचा आंध्र, आदिलाबादचा बाजार. ज्या साली पल्याड भाव चढे, त्या साली माहा बाप रातच्यानं बैलायच्या गळ्यातल्या घाट्या काढून ठेवे, आखाले दुप्पट वंगन देये, अन् बंडी नदीत घाले. मी म्होरं, कंदील हातात पन पेटवाचा नाई. थंड पानी कमरेलोक, अन् बैल फुरफुरला का बापाचा हात त्याच्या तोंडावर. धरलं त कापूस बी जाये अन् केस बी लागे. आपल्या वावरातला आपला कापूस, अन् चोर बी आपनच. म्हनून शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला बापानं मरेलोक सोडला नाई.

बर्लिन मले माईत नाई, पैनगंगा माईत हाय. मास्तर, तुमी भिंतीले शिव्या देऊ नका. भिंत कोन घालते अन् कोनाच्या वावरात घालते, थे पाहा.

हिंजवडीत अडकलेला (१८ ऑगस्ट, दुपारी ३.१०)

गाव सोडा, भिंती सुटतील असं मलाही वाटायचं. इथे सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना वेगळी लिफ्ट आहे. आई गावाहून आली, तर गेटवर तिचा फोटो काढून मला मोबाईलवर विचारलं, आत सोडू का? पुढे बोलत नाही, मीटिंग आहे.

जात्यावरची (१८ ऑगस्ट, रात्री ९.२०)

इतका वेळ सगळे पुरुषच बोलत आहेत असं दिसतंय. मग माझंही ऐका.

लग्न होऊन सासरी आले तेव्हा नहाणी म्हणजे परसात चार दांडे अन् भोवती बारदाना. वर आभाळ. लुगडं अंगावर ठेवूनच आंघोळ करायची, त्यातही कान रस्त्याकडे. परसाकडे जायचं ते पहाटे चारला, नाहीतर दिवे लागल्यावर. ट्रॅक्टरचा उजेड पडला की उठून उभं राहायचं. दिवसभर पाणी बेताने प्यायचं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. सातव्या वर्षी सासऱ्यांनी विटांची नहाणी अन् संडास बांधला, टिनाचं दार लावलं. पहिल्या दिवशी मी आतून कडी लावली अन् नुसती बसून राहिले. पाणी निवून गेलं. सासूबाई बाहेरून ओरडल्या, “झोपली का वं आत?”

तर चार भिंतींनी मला पहिल्यांदा मोकळं केलं, जागल्याभाऊंच्या तारेसारखंच. पण कडी आतून होती. माहेरी काकांच्या घरी वाड्याला मोठं दार आहे, दिंडीसुद्धा आहे, अन् त्याचं कुलूप काकांच्या कमरेला. माझ्या चुलतबहिणीने बारावीनंतर ते दार एकटीने कधी ओलांडलं नाही. तीही भिंतच, अन् तिलाही सगळे ‘पोरीच्या भल्यासाठी’ म्हणत.

आता सरांच्या गावाचं. मोठ्या रस्त्याला पानठेला असेल ना? आमच्याही आहे. सायंकाळी पोरं तिथे गाड्यांवर बसून असतात. बौद्धपुऱ्यातल्या पोरी देवळामागून का जातात, हे गावकीदादांनी आपल्या घरातल्या पोरीला विचारावं. ६१० पावलांतली नेमकी किती पानठेल्यासमोर पडतात, तेवढं सर मोजायला विसरले.

गावकी (१८ ऑगस्ट, रात्री १०.०५)

ताई, पानठेल्याचं मनाला लागलं. माझीही मुलगी नववीत आहे.

पण मग दारूड्यांचं काय करायचं, तेही सांगा ना कोणी. सगळे स्वातंत्र्य स्वातंत्र्य करता, सकाळी बाटल्या मी वेचतो. मागच्या बाजूला एक फाटक ठेवू. सकाळी उघडू, रात्री लावू. किल्ली पुजाऱ्याकडे. झालं समाधान?

निळं आभाळ (१८ ऑगस्ट, रात्री १०.२०)

रात्री दहाला म्हातारीला दवाखान्यात न्यायची असली तर पुजाऱ्याला उठवायचं का? अन् तो गावाला गेला असला तर? आज जी वाट आहे ती उद्या कोणाच्या मेहरबानीने मिळणार, एवढाच तुमच्या फाटकाचा अर्थ.

गावकी (१८ ऑगस्ट, रात्री १०.३१)

तुम्हाला तोडगा नकोच आहे, भांडण पाहिजे.

निळं आभाळ (१८ ऑगस्ट, रात्री १०.३३)

फाटक ठेवा. पल्ला लावू नका. बकऱ्यांसाठी खाली आडवा दांडा टाका, माणूस पाय उचलून जाईल. वावराच्या कुंपणाला आपण तसंच करतो ना?

सातबारा (१९ ऑगस्ट, सकाळी ११.००)

थोडं कागदाचं. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गाव नकाशात पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते, गाडीवाट दुहेरी. सरांची वाट गावठाणातली आहे. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा काढा अन् आवाराची हद्द नेमकी कुठे संपते ते आधी पाहा. पुष्कळदा कडुनिंब देवाचा नसतोच, ग्रामपंचायतीचा असतो. भिंत होण्याआधी लेखी हरकत द्या अन् पोच घ्या. तोंडी हरकत म्हणजे चहा.

जागल्या (१९ ऑगस्ट, दुपारी १२.१०)

हे बेस सांगतलं. नकाशा घ्याले जासान त सकाळीच जा, दुपारी साहेब भेटत नाई.

कापूसकोंडा (३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५)

बऱ्याच जणांनी पुढे काय झालं विचारलं म्हणून लिहितो. हरकत दिली, ४३ सह्या झाल्या. त्यातल्या ११ वरच्या आळीतल्या, बहुतेक बायकांच्या. नकाशा अजून हातात पडलेला नाही. काल २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय पुन्हा येणार होता, पण सोयाबीन काढणी चालू. कोरम झाला नाही, सभा तहकूब.

दरम्यान देवळामागे विटा आणि रेती येऊन पडली आहे. रेती नेमकी वाटेवरच टाकली. आज सकाळी पाहिलं तर ढिगाऱ्याच्या मधोमध पावलांची घळ पडलेली. शाळेत जाताना पोरं वर चढतात आणि पलीकडे घसरत उतरतात. एक म्हातारी काठी रोवत तिथूनच गेली. तिला म्हटलं, “आजी, बाजूनं जा ना.” म्हणाली, “बाजूनं कायले? वाट त इथूनच हाय.”

गावकी (३ ऑक्टोबर, रात्री ८.०२)

घसरणारी पोरं गोड दिसली तुम्हाला. अर्धी रेती गवतात गेली, समितीच्या पैशाची होती. ती कोण भरून देणार?

सातबारा (३ ऑक्टोबर, रात्री ८.१०)

सरकारला भरलेल्या रॉयल्टीची पावती आहे का त्या रेतीची?