एट माईल रोड ओलांडला की एवढा फरक का?

जाईजुई (प्रश्न)
नमस्कार मंडळी, आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय उपनगरात नवीनच राहायला आलोय, नवरा गाड्यांच्या कंपनीत आहे. डेट्रॉइटमध्ये जाताना एट माईल रोडच्या (शहराची उत्तरेची हद्द) दक्षिणेला बऱ्याच गल्ल्यांत फळ्या ठोकलेली घरं, रिकामे प्लॉट दिसतात आणि उत्तरेला सगळं नीटनेटकं. परवा एका गेट-टुगेदरमध्ये आपल्याच एकांनी तिथल्या काळ्या लोकांबद्दल सांगितलं की "त्या लोकांना मेहनत नको असते". मला ते फार लागलं पण उत्तर देता आलं नाही. गुलामगिरी १८६५ ला संपली, नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, मग अजून असं का? इथले जुने लोक नीट समजावून सांगाल का?

मिशिगनकर
ताई, चांगला प्रश्न विचारलात. मेहनतीचा मुद्दा आधी बाजूला ठेवा, कारण डेट्रॉइटच्या कारखान्यांत भट्टीजवळची, पेंट शॉपमधली सगळ्यात वाईट कामं काळ्या कामगारांनीच केलीत. अडलं ते घराच्या कर्जापाशी.

१९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले, चांगली वस्ती हिरवी आणि कर्जासाठी 'धोक्याची' वस्ती लाल, आणि काळे लोक राहतात एवढं कारण लाल रंगाला पुरायचं. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आलं, ते बँकांच्या गृहकर्जाची हमी घ्यायचं, म्हणून तर साध्या पगारदार माणसाला कमी डाउन पेमेंटवर आणि लांब मुदतीच्या हप्त्यांवर घर घेता यायला लागलं. पण त्यांच्या नियमपुस्तकातच होतं की वस्ती एकाच वंशाची राहिली पाहिजे.

याचा पुरावा आजही उभा आहे. एट माईलच्या जरा खाली, बर्वुड स्ट्रीटच्या मागे, १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती पण शेजारी काळी वस्ती म्हणून हमी मिळेना, तर त्याने मधे साधारण अर्ध्या मैलाची, सहा फूट उंच काँक्रीटची भिंत घातली आणि मग हमी मिळाली!! सरकारने मिळवून दिलेली भिंतच ती. आता तिच्या काही भागावर रंगीत चित्रं आहेत, मुलांना घेऊन नक्की जा.

आणि तुम्ही ट्रॉयहून आय-७५ ने डाउनटाउनला जाता ना, तिथे शहराजवळ तो हायवे जुन्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून जातो. काळ्या लोकांची दुकानं, हॉटेलं, गाण्याबजावण्याची ठिकाणं त्या रस्त्यावर होती, ती पाडून हायवे केला.

सह्याद्री_७८
हे सगळं मान्य, पण किती वर्षं जुनं उगाळायचं? आपणही दोन सुटकेसा घेऊनच आलो, कुणी काही दिलं नाही, आज आपली घरं आहेतच की.

कडीपत्ता
सह्याद्रीदादा, राग मानू नका पण सुटकेसमध्ये डिग्री होती, ती मोजा ना. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना यायची मुभा होती. दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन जी हवा तयार केली त्याच काळात झाला. त्यातही शिकलेल्यांना प्राधान्य, म्हणजे आपण निवडून आणलेले लोक.

घरांचं म्हणाल तर डेट्रॉइटच्या मॅकगी या काळ्या कुटुंबाची केस वाचा. खरेदीखतातच कलम होतं की या जागेत कॉकेशियन वंशाशिवाय कुणी राहायचं नाही. शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं, १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं कलम कोर्टाला अंमलात आणता येणार नाही. आणि नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ ला त्याच कोर्टाने भारतीय माणूस गोरा नाही असं ठरवलं होतं, तेव्हा त्या कलमात तुम्ही-आम्हीही बाहेरच.

'जुनं' म्हणताय तर हे पाहा: २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती (निम्म्यांकडे याहून जास्त, निम्म्यांकडे कमी) २,८५,००० डॉलर आणि काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर. पगारातल्या फरकाने एवढी दरी पडत नाही. आजोबांनी घर घेतलं, ते वाढलं, त्यावर बापाचं कॉलेज झालं, नातवाचं डाउन पेमेंट झालं, ही साखळीच त्यांना जोडू दिली नाही.

शाळामास्तर
शाळांचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. डेट्रॉइटच्या मुलांना उपनगरांतल्या मुलांबरोबर एकत्र शिकवायचा आदेश खालच्या कोर्टाने दिला होता, तो १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला, म्हणाले उपनगरांनी स्वतः काही चूक केल्याचं सिद्ध नाही. झालं, ज्याला मिसळायचं नव्हतं त्याने एट माईलपलीकडे घर घेतलं की प्रश्न मिटला. रोजच्या खर्चाचे पैसे १९९४ नंतर बरेचसे राज्याकडून येतात पण शाळेची इमारत बांधायला अजूनही गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर बाँड (कर्जरोखा) काढावा लागतो, घरांना किंमतच नसेल तर बाँड कसा काढणार? आपण सगळे घर घेताना आधी स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघतो, मीही बघितलं, ते रेटिंग कुठून आलं हे मात्र आपल्या पोरांना सांगितलं पाहिजे.

जाईजुई
सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं घर १९५० च्या आधीचं आहे, खरेदीखतात असलं कलम असेल का? कुठे बघायचं?

मिशिगनकर
असू शकतं. काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या ऑफिसात जुने कागद मिळतात. १९६८ पासून त्या कलमाला काही अर्थ नाही, पण ते कागदावर राहिलेलं असतं आणि आता मिशिगनमध्ये ते रेकॉर्डवरून काढून टाकायला अर्ज करता येतो. सापडलं तर इथे टाका, पत्ता झाकून.