पुण्यात १२ लाख की बेंगलोरला १५? बेळगावातून निघणाऱ्यांचा हिशेब

टिळकवाडी_२२
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आयटीतल्या पोरांपुढे दोनच दारं: पुणे नाहीतर बेंगलोर. माझं म्हणणं एवढंच की ऑफर लेटरवरचा तीन लाखांचा फरक महिन्याला २५ हजार पडत नाही, त्याच्या निम्मा पडतो.

गृहीत असं: मूळ पगार सीटीसीच्या (कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ५० टक्के, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) १० टक्के, पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के. कर नव्या पद्धतीने, २०२५-२६ च्या दरांनी.

१२ लाखांतून कंपनीचा पीएफ ७२,०००, ग्रॅच्युइटी २८,८६० आणि व्हेरिएबल १,२०,००० काढलं की ९,७९,१४० उरतात. त्यातून आपला पीएफ ७२,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला. आयकर शून्य. महिन्याला हातात ७५,४००.

१५ लाखांत तशाच वजावटीनंतर १२,२३,९२५ उरतात. आपला पीएफ ९०,०००, व्यवसाय कर तेवढाच. पण व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र रक्कम १२,९८,९२५ होते, म्हणजे १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सवलत हुकली. सेससकट कर ७७,८३२. हातात ८७,८००. फरक १२,४००. यातून बेंगलोरचं भाडं आणि गावाकडच्या फेऱ्या भागवा.

(सीमाप्रश्न इथे आणू नका, त्याला वेगळा धागा काढा.)

हुक्केरीकर
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. हा कर टाळता येतो. कंपनीनं एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेला हिस्सा मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही वजा होतो. साडेसात लाखांवर तो १,०५,००० येतो. करपात्र रक्कम ११,९३,९२५ वर उतरते आणि कर शून्य होतो. हातात ८५,५०० पडतात. म्हणजे महिन्याला साधारण २,३०० कमी, पण ८,७५० एनपीएसमध्ये जमा. स्वतः वेगळे भरलेले पैसे मात्र नव्या पद्धतीत वजा होत नाहीत. ते सीटीसीच्या रचनेतच बसवून घ्यावे लागतात.

शिवाय पीएफचे दोन्ही हिस्से मिळून वर्षाला ३६ हजार जास्त साठतात. ते तुम्ही "गेले" म्हणून सोडून दिलेत की काय?

शहापूर_पेठ
एनपीएसचे पैसे बरीच वर्षं अडकतात. पंचविशीतल्या पोराला आधी डिपॉझिट भरायचं असतं. बेंगलोरला पाच-सहा महिन्यांचं भाडं मागतात, काही घरमालक अजून दहावर अडतात. पुण्यात दोन-तीन महिन्यांत भागतं. २५ हजारांचं घर धरा: तिकडे दीड लाख, इकडे ५० ते ७५ हजार. शिवाय घर सोडताना बेंगलोरला रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची रीत आहे. करारात तो आकडा आधीच लिहून घ्या, नाहीतर तिथेच वाद होतो.

पुण्यात भाडेकराराची नोंदणी बंधनकारक आहे. एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के गृहीत व्याजावर पाव टक्का मुद्रांक, वर नोंदणी शुल्क. एजंटचे पैसे धरूनही डिपॉझिटच्या मानानं किरकोळच.

हुक्केरीकर
विजेचं कोण बोलणार? कर्नाटकात गृहज्योती या मोफत विजेच्या सरकारी योजनेत २०० युनिटपर्यंत भाडेकरूलाही लाभ मिळतो. अट अशी की आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरवरून काढून आपलं जोडायचं. ते राहिलं की अर्ज अडकतो. सरसकट २०० फुकट मिळतात असंही नाही, मर्यादा त्या मीटरच्या जुन्या सरासरीवर ठरते. पुण्यात महावितरणचं बिल पहिल्या युनिटपासून आपलंच.

निपाणी_नाका
दोघंही गाडी विसरलात. बेळगावची केए-२२ गाडी बेंगलोरला निवांत चालते. पुण्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. आधी बेळगाव आरटीओची एनओसी (कर्ज असेल तर बँकेचीसुद्धा), मग पुण्याचा पत्त्याचा पुरावा आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर. कर्नाटकाला भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो नवीन आरसी दाखवून बेळगावलाच. कार असेल तर एकदम मोठी रक्कम गुंतते. दुचाकीवाल्यांना फारसा फरक नाही. कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच मालिका (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) मिळू शकते.

टिळकवाडी_२२
गाडीचा मुद्दा मान्य. पण अंतर बघा: पुणे साधारण ३४० किलोमीटर, बेंगलोर ५००. वंदे भारतनंसुद्धा बेंगलोरला साडेआठ तासांच्या आसपास लागतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहे, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा डोळा. सणाच्या आठवड्यात तिकीट नसलं की खासगी स्लीपरवाल्याच्या तोंडचा दर.

हुक्केरीकर
सातारा-कागल सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमधून शुक्रवारी रात्री पुण्याहून निघा, मग ३४० किती तास होतात ते मोजा. आणि दर महिन्याला गावी येतो कोण? पहिल्या वर्षी येतात, नंतर गणपती-दिवाळी.

टिळकवाडी_२२
एनपीएसचं मी धरलं नव्हतं, ते कबूल. १५ लाखांची ऑफर घेणाऱ्यांनी सही करायच्या आधी एचआरला तीन गोष्टी विचारा: कॉर्पोरेट एनपीएस आहे का, पीएफ पूर्ण मूळ पगारावर की फक्त १५ हजारांच्या मर्यादेवर, आणि गेल्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिलं. तिसऱ्याला उत्तर टाळलं तर तो दीड लाख धरूच नका. त्यात कर वाचतो खरा, पण १५ लाखांचे साडेतेरा होतात.