मदत हवी आहे: संरक्षण आदेश असूनही पुन्हा मारहाण

माझ्या मावसबहिणीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोर्टाचा संरक्षण आदेश मिळालाय. तरी नवरा परत घरात घुसून मारून गेला, तिचं मनगट अजून सुजलेलं आहे. पोलीस ठाण्यात दर वेळी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहितात आणि ‘घरचं भांडण, आपसात मिटवा’ म्हणतात. कलम 31 नुसार आदेश मोडणं हाच गुन्हा आहे ना? 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय दखलपात्र, अजामीनपात्र. मग एनसी कशी?

कुणी वकील असतील तर कृपया सांगा, एफआयआरसाठीच अडून बसायचं की आदेश देणाऱ्या मॅजिस्ट्रेटकडे थेट अर्ज करायचा? आधीच्या एनसी जोडून भारतीय न्याय संहितेचं कलम 85 (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ) लावून घेता येईल का? ती फार घाबरलीय, लवकर कळवा.