गाडीतलं इनबिल्ट नेव्हिगेशन घ्यावं का फोनच पुरे?

नवीचारचाकी:
नवीन गाडी बघतोय, वरच्या व्हेरियंटला कंपनीचं इनबिल्ट नेव्हिगेशन आहे, खालच्याला नुसतं अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले, म्हणजे फोनचाच मॅप गाडीच्या स्क्रीनवर. घरचे म्हणतात फोनवर सगळं फुकट असताना जास्तीचे पैसे कशाला, पण लांबच्या प्रवासात रेंज गेली की फोन काय कामाचा असं मला वाटतं. दोन्ही वापरलेल्यांनी सांगा प्लीज.

हायवेवाला:
आधी एक गैरसमज काढून टाका, जीपीएसला नेट लागतच नाही. फोन सॅटेलाइटचा सिग्नल थेट पकडतो, नेट लागतं ते नकाशा लोड व्हायला आणि ट्रॅफिक कळायला. निघायच्या आधी वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा, मग रेंज गेली तरी रस्ता दिसतो, फक्त पुढे कुठे जाम आहे ते कळत नाही. खालचंच घ्या. आमच्या आधीच्या गाडीत इनबिल्ट होतं, नकाशा अपडेट करायचा म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन बसा, त्यामुळे कोणी करायचंच नाही आणि नवा बायपास झाला तरी स्क्रीनवर आपली गाडी शेतातून चाललेली.

बोगदा_२:
पूर्ण पटलं नाही. बोगद्यात सॅटेलाइट दिसत नाही, तिथे इनबिल्टवालं चाकाचा स्पीड आणि जायरो सेन्सर (गाडी किती वळली ते ओळखणारा) बघून गाडी कुठवर आली असेल याचा हिशोब चालू ठेवतं, नुसत्या होल्डरवरच्या फोनला चाकाचा स्पीड कुठून कळणार, तो अंदाजाने पुढे ढकलतो आणि बोगद्याच्या आतच फाटा असला की गोंधळू शकतो. होल्डरला लावलेला फोन उन्हात तापला की स्क्रीन अंधुक करतो ते वेगळंच. आणि गाडी इलेक्ट्रिक घेताय का? मग विषयच बदलतो, बऱ्याच ईव्हीत इनबिल्टमध्ये चार्जरचं ठिकाण टाकलं तरच बॅटरी आधीपासून गरम करून ठेवतात म्हणजे चार्जिंग पटकन होतं, साध्या फोन मॅपला बॅटरी किती उरलीये हेही माहीत नसतं.

नवीचारचाकी:
नाही हो, पेट्रोलच. बोगदेही वाटेत फारसे नाहीत.

हायवेवाला:
मग डोळे झाकून खालचं घ्या. फक्त फोन मांडीवर ठेवून वापरू नका, गाडीच्या स्क्रीनलाच जोडा आणि पत्ता गाडी हलायच्या आधी टाका. केबल चांगली घ्या, लूज असली की नेमकं वळणाच्या तोंडावर कनेक्शन तुटतं.